लढाई संपली, बॉम्ब राहिला



भंगारवाला गावात आला की आपण घरातलं मोडकं लोखंड, फुटकी घमेली बाहेर काढतो. पितळ असेल तर भाव जास्त मिळतो. आज अशाच एका भंगाराची गोष्ट सांगते.

लाओस नावाचा देश आहे. आपल्या सातपुड्यासारखाच डोंगराळ, भात पिकवणारा. शेजारी व्हिएतनाममध्ये लढाई चालू होती, तेव्हा १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत चेंडूएवढे छोटे बॉम्ब कोट्यवधी होते. तिनांतला जवळजवळ एक फुटलाच नाही, मातीत रुतून बसला.

लढाई थांबली, विमानं गेली. पण त्यानंतरही २० हजारांहून जास्त माणसं या बॉम्बमुळे मेली किंवा जायबंदी झाली. कुणाची कुदळ लागली. कुणा पोरानं चेंडू समजून उचलला. कुणी चूल पेटवली आणि खालची जमीन तापली. कितीतरी जण तर ते लोखंड विकायला म्हणूनच खणत होते.

इतक्या वर्षांनी बॉम्ब फुटतो कसा? वरचं लोखंड गंजतं, पण आतली दारू तशीच राहते. ती पेटवणारा खटका अडकलेला असतो. त्याला एक धक्का पुरतो.

हे फार लांबचं नाही. आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार आहे. त्याच्याजवळ सोनेगाव आबाजी इथे २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते. तिथे लढाई झाली नव्हती, तरी जीव मजुरांचे गेले.

आपली माणसं ऊसतोडीला, बांधकामाला दूर जातात. मुक्काम कुठे पडेल, सांगता येत नाही. म्हणून एवढं लक्षात ठेवा. लष्कराच्या सरावाच्या मैदानात भंगार वेचायला जाऊ नका. अनोळखी गोळा, नळकांडं दिसलं तर हात लावू नका, दगड मारू नका, जवळ चूल पेटवू नका. आल्या पावली मागे फिरा, पोरांना लांब ठेवा आणि पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ ला फोन करा.

किलोभर लोखंडाचे पैसे चार दिवसांत संपतात. गेलेला हात परत येत नाही.

रामराम.