मुळा-मुठेचा शास्त्रीय अभ्यास: माशांच्या याद्या आणि प्राणवायूची मोजणी

प्रस्तावना

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा व मुठा या नद्यांच्या प्रदूषणाविषयी गेल्या पन्नास वर्षांत विपुल लेखन झाले आहे. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागांतून या नद्यांच्या पाण्याचे नमुने नेमाने तपासले जातात आणि त्यांवर प्रकल्प, प्रबंध व शोधनिबंध सिद्ध होतात. या लेखनाचा बहुतांश भाग रासायनिक स्वरूपाचा आहे. त्यामुळे या नदीचा शास्त्रीय अभ्यास प्रदूषणाबरोबरच, म्हणजे १९७० च्या आसपास सुरू झाला, अशी एक समजूत नकळत रूढ झालेली दिसते. वस्तुस्थिती वेगळी आहे. मुळा-मुठेच्या जीवसृष्टीची शास्त्रीय नोंद १८३९ पासून उपलब्ध आहे, आणि नदीने काय गमावले हे ठरविण्यास हीच जुनी नोंद अधिक उपयोगी पडते. पाण्याच्या रासायनिक परीक्षणातून नदीची आजची अवस्था कळते. परंतु ज्या काळी कोणी प्राणवायू मोजलाच नव्हता त्या काळच्या नदीविषयी ते परीक्षण काही सांगू शकत नाही. अभ्यासाच्या या दोन परंपरा कशा घडल्या आणि एकमेकींपासून दूर कशा राहिल्या, याचा विचार येथे केला आहे.

साइक्स आणि ‘मोटा मोला’

विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी. १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याची मुंबई सरकारचा सांख्यिकी निवेदक म्हणून नेमणूक केली. दख्खनचा महसूल, लोकसंख्या, पीकपाणी यांची माहिती गोळा करणे हे त्याचे काम होते. पक्षी, प्राणी व मासे यांचा अभ्यास त्याने त्या फिरतीतच केला. १८३१ मध्ये तो इंग्लंडला परतला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८३९ मध्ये आणि सविस्तर रूपात, चित्रांसह, १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या निबंधात मुळा-मुठेचा उल्लेख ‘मोटा मोला’ असा येतो. नद्यांच्या नावांचा क्रम उलटला आहे आणि उच्चारही इंग्रजी कानाला ऐकू आला तसा आहे. साइक्सची खरी विशेषता माशांच्या नामकरणात दिसते. नव्या जातींना लॅटिन अथवा ग्रीक विशेषणे देण्याऐवजी त्याने अनेकदा स्थानिक नावच जातिवाचक नाव म्हणून स्वीकारले. खुद्री, कोलुस, नुक्ता, ताक्री, सींगटी, सींघाला, बालूकी ही नावे त्या मार्गाने प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय सूचीत गेली आणि आजही तेथे आहेत. भीमेच्या खोऱ्यात शिंगटी आणि शिंगाळा हे शब्द ज्याने ऐकले आहेत त्याला सींगटी व सींघाला ओळखण्यास कोशाची गरज नाही. ज्यांनी जाळ्यातला मासा हाती घेऊन त्याचे नाव सांगितले त्या मासेमारांची नावे मात्र निबंधात नाहीत. त्यांचे ज्ञान राहिले, ते माशांच्या नावांपुरते. वसाहतकालीन विज्ञानाच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही. तथापि येथे त्या ज्ञानाचा पुरावा थेट शास्त्रीय नावातच टिकून आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महसीर कुळातील खडशी हा मासा, म्हणजे आजचा टोर खुद्री, साइक्सने पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतून वर्णिला. त्या जातीचे मूळ ठिकाण म्हणून शास्त्रात आजही हाच प्रवाह नोंदलेला आहे. नुक्ता हा कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला मासा त्याला इंद्रायणीत मिळाला. महसीर वाहत्या, खडकाळ, प्राणवायूने समृद्ध पाण्याचा मासा. पुण्याच्या खालच्या अंगाला तो आढळत होता, एवढी एकच नोंद त्या काळच्या पाण्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

विसाव्या शतकातील याद्या

साइक्सनंतर सुमारे एक शतकाने या परंपरेला पुन्हा गती मिळाली. ए. जी. एल. फ्रेझर यांची ‘पुण्याचे मासे’ ही निबंधमाला १९४२ मध्ये मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आली. त्याच वर्षी सुंदरलाल होरा व मिश्रा यांनी तिचा दुसरा भाग लिहिला, आणि १९४४ मध्ये सुटर यांनी आणखी काही जातींची भर घातली. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील जी. टी. तोणपी व लीला मुळहेरकर यांनी १९६३ मध्ये पुण्याच्या गोड्या पाण्यातील माशांवर टिपण प्रसिद्ध केले. तोणपी यांचा गोड्या पाण्यातील प्राण्यांवरील परिस्थितिकीय ग्रंथ १९८० मध्ये प्रकाशित झाला.

या याद्या वरकरणी रुक्ष आहेत. जातीचे नाव, सापडण्याचे ठिकाण, क्वचित आकारमान, एवढाच त्यांचा मजकूर. कोणत्या जाळ्याने, किती वेळ, कोणत्या ऋतूत मासे धरले हे बहुधा सांगितलेले नसते. म्हणून एखादी जात यादीत नाही याचा अर्थ ती नदीत नव्हती, असा होत नाही. जात आढळल्याची नोंद मात्र विश्वसनीय पुरावा ठरते. ही मर्यादा सांभाळून या याद्या वाचल्या पाहिजेत.

दरम्यान नदीही बदलत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण मुठेवर उभे राहिले व तिचे पाणी कालव्यात गेले. सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला परिचित झालेले मुळशीचे धरण मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजगृहाकडे नेते. पानशेत, वरसगाव, टेमघर व पवना ही धरणे पुढची. परिणामी पावसाळा सरला की शहरातील पात्रात नैसर्गिक प्रवाह अत्यल्प उरतो आणि पात्रातले बहुतांश पाणी हे शहराचे सांडपाणीच असते. प्रदूषणाची चर्चा करताना ही बाब बहुधा प्रास्ताविकात उरकली जाते. वास्तविक पुढील सर्व विवेचनाचा पाया तीच आहे.

पाच दिवस, वीस अंश

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या पाच वर्षे आधी केला आणि १९७० मध्ये राज्याचे मंडळ अस्तित्वात आले. तेथून नदीच्या नियमित रासायनिक परीक्षणास आरंभ झाला. या परीक्षणाची मुख्य मोजपट्टी म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, रूढ भाषेत बीओडी. बंद बाटलीतील पाण्यात सूक्ष्मजीव सेंद्रिय मळ कुजविताना ठरावीक दिवसांत किती प्राणवायू वापरतात, त्याचे हे मापन. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर याची १८८८ ची पद्धत, तिच्यातील पिष्टद्रावाचा निळा रंग आणि तो नाहीसा होण्याचा क्षण, हे सर्व महाविद्यालयीन अध्यापकांच्या नित्य परिचयाचे आहे. ते ठरावीक दिवस कोठून आले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

ब्रिटनमध्ये १८९८ साली नेमलेल्या सांडपाणी विल्हेवाटविषयक शाही आयोगाने आपल्या १९१२ च्या आठव्या अहवालात ही कसोटी प्रमाणभूत केली. मुदत पाच दिवसांची आणि तापमान ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८.३ अंश सेल्सिअस. पाच दिवसच का, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, ब्रिटनमधील नद्यांचे पाणी उगमापासून समुद्राला मिळण्यास त्याहून अधिक काळ लागत नाही. तापमानही तेथील उन्हाळ्याचे. पुढे ते वीस अंशांवर स्थिर झाले. म्हणजे ‘पाच दिवस, वीस अंश’ या सूत्रात एका बेटाचा भूगोल सामावलेला आहे. पुण्याजवळचे पाणी भीमा व कृष्णेतून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. त्या प्रवासाला ही मुदत लागू नाही.

आयोगाने याच अहवालात शुद्धीकरणानंतरच्या सांडपाण्यासाठी बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम आणि निलंबित घन पदार्थ ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली. तिला एक अट होती: नदीत सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी असावे. भारतीय मानक संस्थेच्या १९७३ च्या मानकात २० व ३० हेच आकडे आले. आठपट पाण्याची पूर्वअट आपल्याकडच्या व्यवहारात कधी मूळ धरू शकली नाही. खडकवासल्याखालील मुठेत उन्हाळ्यात आठपट तर राहोच, बरोबरीचेही स्वच्छ पाणी नसते. अशा ठिकाणी प्रत्येक शुद्धीकरण केंद्राने मर्यादा काटेकोरपणे पाळली तरी नदी स्वच्छ होईलच असे नाही, कारण तेथे केंद्रातून बाहेर पडणारे पाणी हीच नदी असते.

तापमानाचा दोष पुढे भारतीय शास्त्रज्ञांनी दूर केला. १९९३ च्या भारतीय मानकात तीन दिवस व २७ अंश सेल्सिअस ही पद्धत स्वीकारली गेली. तिची उत्तरे जुन्या पद्धतीच्या उत्तरांशी साधारणतः जुळतात आणि उष्ण प्रदेशातील प्रयोगशाळेला ती सोयीची आहे. परंतु उष्णतेचा प्रश्न केवळ बाटलीपुरता नाही. समुद्रसपाटीवर वीस अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना साडेसातच्या आसपास. पुण्याच्या उंचीवर तो याहूनही कमी. म्हणजे आपल्या नदीची मुळातली शिल्लकच लहान.

केंद्रीय मंडळाच्या वर्गीकरणात ‘ड’ वर्ग वन्यजीव व मत्स्यजीवनासाठी राखलेला आहे. त्याचे निकष सामू, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया हे आहेत. माशांसाठी ठरविलेल्या या वर्गात मासे मोजण्याची तरतूद नाही.

शेवाळांची साक्ष

दोन परंपरांमध्ये दुवा जोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात झाला. व्ही. डी. गुणाले व एम. एस. बालकृष्णन यांनी पवना, मुळा व मुठा या नद्यांच्या सुपोषणाचे जैविक निरीक्षण करून १९८१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सेंद्रिय मळ सहन करणाऱ्या शैवालांना गुण देऊन पाण्याची प्रत ठरविण्याची पामर यांची १९६९ ची पद्धत या विषयात सर्वपरिचित आहे. युग्लिना, ऑसिलेटोरिया, सेनेडेस्मस यांसारख्या प्रजातींच्या गुणांची बेरीज वीस वा अधिक झाली की ते पाणी अतिप्रदूषित समजावे, अशी ही रीत. रासायनिक नमुना बाटली भरण्याच्या क्षणापुरता असतो. शैवाले मागील अनेक दिवसांचा हिशेब देतात.

पक्ष्यांची साक्ष मात्र सावधपणे घ्यावी लागते. येरवडा व बंडगार्डन परिसरात हिवाळ्यात दिसणारे थापट्यांचे व शेकाट्यांचे थवे पाहून नदी सुधारल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कुजट गाळात वाढणाऱ्या कायरोनोमस माशीच्या तांबड्या अळ्या हे शेकाट्यांचे आवडते खाद्य आहे.

पुन्हा याद्यांकडे

२००३ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी गिरीश वाघ व हेमंत घाटे यांनी मुळा व मुठा नद्यांच्या माशांची नवी यादी प्रसिद्ध केली, आणि ‘करंट सायन्स’मध्ये खरात, डहाणूकर व सहकाऱ्यांचा पुणे जिल्ह्यातील मत्स्यजातींच्या दीर्घकालीन बदलावरील निबंध आला. जुन्या याद्यांशी तुलना हा अशा कामाचा गाभा. डासनियंत्रणासाठी १९२८ मध्ये भारतात आणलेला गंबुसिया आणि १९५२ मध्ये आलेला तिलापिया हे परके मासे साइक्सच्या यादीत असणे शक्यच नव्हते. आजच्या कोणत्याही यादीत ते टाळता येत नाहीत. यांतील बरेचसे काम मोठ्या संशोधन संस्थांऐवजी महाविद्यालयीन विभागांतून, तुटपुंज्या साधनांवर झाले, हेही नमूद करणे आवश्यक आहे. सांडपाण्यासाठी जपानच्या साहाय्याने, २०१६ च्या करारानुसार, ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना आखली गेली. तिची एकूण क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. तिच्या यशापयशाची मोजणी प्राणवायूच्या आकड्यांत होईल. मासे परतले की नाही हे सांगण्यास पुन्हा यादीच लागेल.

यादीचा पाया स्वतः किती भक्कम आहे, हा प्रश्न येथे उरतो. साइक्सच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. वर्णने आणि चित्रे तेवढी आहेत. शिरूरजवळ घोड नदीतून त्याने वर्णिलेला मुसुल्ला हा मासा दीर्घकाळ महसीर मानला गेला. तो महसीर नसून कोलुसच्या प्रजातीतील असल्याचे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. एका नावाच्या चुकीमुळे दीडशेहून अधिक वर्षांच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात.

खुद्रीची गोष्ट याहून विलक्षण आहे. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तेथील पिले देशभर पाठविली गेली. कावेरीत तो इतका वाढला की, तेथील मूळचा वाशिंडा महसीर त्याच्यामुळे संकटात आल्याचे अभ्यासक सांगतात. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सूचीत खुद्रीला संकटग्रस्त वर्गातून काढून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात ठेवण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्यांचे संकर आणि स्थलांतर पाहता खरा खुद्री कोणता, हे ठरविण्यासाठी कधी तरी नवा आधारनमुना निश्चित करावा लागेल. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार असा नमुना शक्यतो मूळ ठिकाणाजवळचाच असावा लागतो, आणि ते ठिकाण म्हणजे पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा.