ताईमहाराज प्रकरणाचा धडा

वाटणीच्या वादात ‘कागद बनावट आहे’ हा शब्द उच्चारला गेला, की घर दुभंगते. सेनगावच्या शेतकरी कुटुंबांनाही आम्ही म्हणूनच एका जुन्या खटल्याची आठवण देतो.

पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ साली निवर्तले. मृत्युपत्राने त्यांनी लोकमान्य टिळकांसह काही विश्वस्त नेमले होते. विधवा ताईमहाराजांनी १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेत जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला. सेनगावाप्रमाणे तेही शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे ते दत्तविधान नाकारून ताईमहाराजांनी कोल्हापुरात दुसरा मुलगा दत्तक घेतला. टिळकांवर खोटी साक्ष व बनावट पुरावा असे आरोप आले. खोट्या साक्षीबद्दल १९०३ साली झालेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १९०४ साली रद्द केली. दिवाणी दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ साली जगन्नाथाचे दत्तविधान वैध ठरले. तोवर ताईमहाराज हयात नव्हत्या.

म्हणून वाचकहो, मृत्युपत्र धडधाकट असतानाच, दोन साक्षीदारांसमक्ष करावे आणि आपला हेतू मुलांना स्वमुखाने सांगावा. खोटा कागद करणे पाप आहेच. पण पुराव्यावाचून भावाला लबाड ठरवणे, हेही लहान पाप नव्हे.