गोवर आणि शेंकड्याचा हिशेब

देवी आणि गोवर या दोन रोगांना आपल्या घरांतून फार निरनिराळी वागणूक मिळत आली. देवीचें भय होतें, तिला नवस होते, पूजा होती. गोवर मात्र ‘निघाला, आठवड्यानें जाईल’ म्हणून सोडून द्यावयाचा. पुरळ उठलें कीं खोलींत अंधार करावा, अंथरुणाशीं कडुनिंबाचा पाला ठेवावा, झालें. पाठोपाठ न्यूमोनिया होऊन मूल दगावलें, तर दोष न्यूमोनियाला, गोवर नामानिराळा!

लसीचा इतिहासहि, श्रोतेहो, याच वृत्तीची साक्ष देतो असें मला वाटतें. देवीची लस मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोंचली गेली. या देशांतील तें पहिलें लसीकरण. तेथून निघालेलें काम १९७७ सालीं देश देवीमुक्त ठरेपर्यंत चाललें. गोवराची लस अमेरिकेंत १९६३ सालीं आली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिला जागा मिळाली १९८५ सालीं. पैशाची व शीतपेट्यांची अडचण होतीच, पण निकडहि कोणाला वाटली नव्हती. दुसरी मात्रा तर २०१० पर्यंत थांबली.

ही दुसरी मात्रा कां लागते, हें शाळेंतल्या गणिताइतकें सोपें आहे. नवव्या महिन्यांत दिलेली पहिली मात्रा शंभरांपैकीं सुमारें ८५ मुलांनाच लागू पडते. गांवांतील ८० टक्के मुलांना ती मिळाली, तर खरोखर सुरक्षित झालीं ६८, उरलीं ३२. आणि जेथें कोणीच सुरक्षित नाहीं तेथें गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. रोगी उठून गेल्यावरहि खोलींतील हवा दोन तासांपर्यंत बाधक राहूं शकते. म्हणून दोन्ही मात्रा ९५ टक्के मुलांपर्यंत पोंचाव्या लागतात. आणि हें प्रमाण देशाचें किंवा जिल्ह्याचें असून भागत नाहीं, गल्लीगल्लीचें असावें लागतें. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून शेवटच्या बाकावरचा मुलगा उत्तीर्ण होत नाहीं.

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागांत, भिवंडींत आणि आपल्या जिल्ह्यांतील मालेगांवांत गोवर उसळला, तो अशाच दाट वस्त्यांतून. पांढरपेशा घरांत ती बातमी वाचून ‘अडाणीपणा’ हा शब्द फार सहज उच्चारला गेला. मला तो पटत नाहीं. लसीविषयीं कुजबूज होती हें खरें. पण करोनाच्या दोन वर्षांत नेहमीचें लसीकरण ठिकठिकाणीं खंडलें होतें, आणि यंत्रमागावर राबणाऱ्या आईबापांनी मूल घेऊन केंद्रावर बसावयाचें म्हणजे दिवसाची मजुरी सोडावयाची.

त्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें सुचविलें कीं, सांथीच्या भागांत नऊ महिने ते पांच वर्षांच्या मुलांना एक जादा मात्रा द्यावी. आणि जेथें एकूण रोग्यांत नऊ महिन्यांच्या आंतील बाळें दहा टक्क्यांहून अधिक असतील, तेथें सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाहि ती द्यावी. बाळांची ही मात्रा मात्र हिशेबांत धरावयाची नव्हती. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची, अशा दोन्ही मात्रा त्यांना पुढें द्यावयाच्याच होत्या.