भोपळ्यावरचे ठिपके : एका छिद्रित कागदाचा इतिहास
#थ्रेड

१/१२
ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेतील असंख्य घरांत एक ठरलेली कृती चालते. नक्षीचा कागद भोपळ्यावर चिकटवायचा, रेघेवर टाचणीने जवळजवळ भोके पाडायची, कागद काढायचा आणि ठिपक्यांच्या रांगेवरून बारीक करवत चालवायची. हल्ली हा भोपळा अनेकदा फोमचा, कृत्रिम असतो. कृतीचे मूळ तत्त्व मात्र सुमारे हजार वर्षे जुने आहे.

२/१२
हॅलोविनचा हा दिवा मुळात भोपळ्याचा नव्हता. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये सलगमाचा कंद पोखरून त्यात दिवा ठेवीत. कंद लहान आणि कठीण. दोन डोळे व एक तोंड कोरले की काम संपे. १९ व्या शतकात स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत रुजली आणि तिला तिथला मोठा, पोकळ भोपळा मिळाला.

३/१२
फळ असो वा कंद, कोरलेली वस्तू टिकत नाही. डोनेगल परगण्यातील फिनटाउन येथील असा एक सलगमाचा दिवा १९४३ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळाला. तो मोडकळीस आल्यामुळे त्याची प्लास्टरची प्रतिकृती घडवण्यात आली. आज पाहायला मिळतो तो तिचाच भेसूर चेहरा. कृत्रिम दिव्याची गरज फोमच्या आधीपासूनची आहे.

४/१२
भोपळ्याने जागा दिली. चित्र काढणारा हात कुठून आणायचा? विस्कॉन्सिनमधील रसीन येथील पॉल बार्डीन यांनी घरच्या भोपळ्यांसाठी बारीक करवती आणि कागदी नक्ष्या तयार केल्या. १९८० च्या दशकात त्यांच्या मुलांनी अशा संचांचा व्यवसाय उभा केला. चित्रकला न येणाऱ्यालाही आता गुंतागुंतीची आकृती कोरता येऊ लागली.

५/१२
ही युक्ती मात्र नवी नव्हती. चीनमधील तुनह्वांग येथील गुहा क्रमांक १७ सुमारे ११ व्या शतकाच्या आरंभी बंद झाली व १९०० मध्ये पुन्हा उघडली. तिच्यातील कागदांत बुद्धाकृतींचे भोके पाडलेले आराखडे सापडले. असा कागद भिंतीवर धरून त्यावर रंगाची भुकटी थोपटली की एकसारख्या आकृती उमटत. ‘सहस्र बुद्ध’ रंगवणाऱ्यांना याहून सोयीचे काय असणार?

६/१२
इटलीत या पद्धतीला ‘स्पोल्वेरो’ म्हणत. ‘पोल्वेरे’ म्हणजे धूळ. इसवी सन १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी याने चित्रकारांसाठी लिहिलेल्या ग्रंथात तिची कृती दिली आहे. पृष्ठभाग पांढरा असेल तर कोळशाची भुकटी, काळा असेल तर पांढरी. ती फडक्यात बांधून पुरचुंडी करायची आणि भोकांवर हलकेच आपटायची.

७/१२
राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्राचा सुमारे ८ मीटर रुंद आराखडा मिलानच्या आंब्रोसियाना संग्रहालयात आहे. त्याच्या रेघांवर भोके आहेत. ओल्या चुन्यावर आराखडा तुकडे करून वापरावा लागे व त्यात तो नष्ट होई. म्हणून भोकांतून दुसऱ्या कागदावर नक्कल उतरवली गेली. नक्कल कामी आली. मूळ रेखाटन वाचले.

८/१२
भारतातील लघुचित्रकारही असे छिद्रित ‘खाके’ वापरीत. एका पिढीची रेघ त्यांतून पुढच्या पिढीकडे जाई. महाराष्ट्रात तर हे तंत्र अंगणात होते. वर्तमानपत्राच्या घडीला पेटत्या उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडायची, कागद सारवलेल्या जमिनीवर पसरून वरून रांगोळी फिरवायची. कागद उचलला की ठिपके तयार.

९/१२
भोपळ्यावर हेच तंत्र का चालते? कागद सपाट, भोपळा गोल. कडांना चिरा देऊन कागद बसवला तरी सुरकुत्या पडतात आणि सलग रेघ वाकते. ठिपका मात्र जागच्या जागी उमटतो. भोके दिसेनाशी झाली तर वरून चिमूटभर पीठ चोळतात. चेन्निनीची पांढरी पुरचुंडी ती हीच!

१०/१२
कृत्रिम भोपळ्याने नियम थोडे बदलले. फोम कोरडा असल्याने कागद भिजून फाटत नाही. कार्बन पेपरनेही रेघ उतरवता येते. मेणबत्तीची जागा विजेच्या लहान दिव्याने घेतली, कारण फोमला ज्योत धोक्याची. खरा भोपळा चूक आठवड्याभरात कुजवून टाकतो. फोमवर ती वर्षानुवर्षे राहते, म्हणून ठिपक्यांची अचूकता इथे अधिक मोलाची.

११/१२
एक नियम दोन्हींना सारखाच. चारही बाजूंनी कापलेला भाग गळून पडतो. घुबडाच्या डोळ्यातले बुबुळ टिकवायचे तर त्याला कडेशी जोडणारी पट्टी राखावी लागते. नक्षी आखणारा हा विचार आधीच करून ठेवतो. कोरणाऱ्याला तो आयता मिळतो.

१२/१२
छिद्रित कागदाच्या इतिहासाचे मर्म इथेच आहे. कार्यशाळेत तो उस्तादाची रेघ शिष्याच्या हाती देई, पण बहुधा तिथल्या भिंतींच्या आतच राही. रांगोळीच्या कागदाने आणि भोपळ्याच्या संचाने ती रेघ घराघरांत नेली. नक्कल म्हणून त्याला हिणवणे सोपे आहे. पण चित्र काढता येत नाही असे मानणाऱ्या कित्येकांच्या हातून उमटलेले पहिले नेटके चित्र याच भोकांतून आलेले असते.