डिग्रीचा क्लास नेमका कसा ठरतो? सीजीपीएचं गणित आणि फॉर्म भरताना होणारी चूक

पदवीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातल्या ऑनलाइन सेंटरवर गर्दी होते. कुणाला बी.एड.चा, कुणाला बँकेचा तर कुणाला एम.ए.चा फॉर्म भरायचा असतो. फॉर्ममध्ये 'टक्केवारी' असा रकाना असतो आणि गुणपत्रिकेवर मात्र ६.५५ असा आकडा छापलेला असतो. सेंटरवाला सरळ दहाने गुणतो आणि ६५.५ टाकून मोकळा होतो. पुढे कागदपत्र पडताळणीत हाच आकडा अडचणीत आणू शकतो. त्यामुळे पदवीचा शेवटचा क्लास कसा काढतात, हे विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही समजून घेतलेलं बरं.

जुनी पद्धत आणि आताची पद्धत

पूर्वी मार्कांची बेरीज करून टक्केवारी काढली जायची. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास, हे तर घरोघरी पाठ होतं. काही अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षाच्या मार्कांवरच क्लास ठरायचा. त्यामुळे 'पहिलं वर्ष नुसतं पास व्हायचं, शेवटच्या वर्षी जोर लावायचा' असा सल्ला मोठी भावंडं द्यायची. श्रेयांक म्हणजे क्रेडिट पद्धतीत हा सल्ला महागात पडतो. इथे पहिल्या सेमिस्टरपासूनचं सगळं मोजलं जातं.

ग्रेड पॉइंट म्हणजे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) १० गुणांची पट्टी दिली आहे. ती अशी :

- ओ (उत्कृष्ट) – १०
- ए प्लस – ९
- ए – ८
- बी प्लस – ७
- बी – ६
- सी – ५
- पी (पास) – ४
- एफ (नापास) किंवा गैरहजर – ०

किती मार्कांना कोणती ग्रेड, हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमात ठरवतं. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राची गुणपत्रिका बघून आपला हिशोब लावू नये.

सेमिस्टरचा हिशोब : एसजीपीए

प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात. विषयाचे ग्रेड पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, अशी सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचं. आला तो एसजीपीए.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर १० क्विंटल सोयाबीन ४००० रुपयांनी गेलं आणि २ क्विंटल ५००० रुपयांनी गेलं, तर सरासरी भाव ४५०० धरता येत नाही. एकूण ५० हजार भागिले १२ क्विंटल, म्हणजे साधारण ४१६७ रुपये पडतात. ज्याचं वजन जास्त, त्याचा भाव सरासरीला जास्त ओढतो. विषयांचंही तसंच आहे.

समजा एका सेमिस्टरला २२ क्रेडिट आहेत. ४ क्रेडिटच्या चार विषयांत ८, ७, ६ आणि ५ पॉइंट मिळाले. २ क्रेडिटच्या तीन विषयांत १०, ९ आणि ८ मिळाले. पहिल्या चारांचे १०४ आणि पुढच्या तिघांचे ५४ मिळून १५८ झाले. १५८ भागिले २२ म्हणजे एसजीपीए ७.१८.

आता ५ पॉइंटवाल्या मोठ्या विषयात दोन पॉइंट वाढले असते तर एसजीपीए ७.५५ झाला असता. तेच दोन पॉइंट २ क्रेडिटच्या विषयात वाढले असते तर ७.३६ वरच थांबला असता. म्हणून अभ्यासाला बसण्याआधी कोणत्या विषयाला किती क्रेडिट आहेत ते बघून घ्यावं.

अख्ख्या पदवीचा हिशोब : सीजीपीए

सगळ्या सेमिस्टरचे एसजीपीए त्या त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. हा सीजीपीए दोन दशांश स्थळांपर्यंत देतात आणि शेवटची ग्रेड किंवा क्लास त्यावरूनच ठरतो.

एका विद्यार्थ्याचे सहा सेमिस्टरचे एसजीपीए ५.५०, ५.८०, ६.२०, ६.९०, ७.३० आणि ७.६० आहेत असं धरू. प्रत्येक सेमिस्टरला सारखे २२ क्रेडिट. सीजीपीए येतो ६.५५. शेवटचं वर्ष चांगलं जाऊनही पहिल्या वर्षाने खाली ओढलं. पहिल्या दोन सेमिस्टरला ६.५० जरी असते तरी सीजीपीए ६.८३ झाला असता.

दहाने गुणायचं की नाही?

खरी गफलत इथेच होते. सीजीपीएवरून टक्केवारी काढण्याचं सूत्र सगळीकडे एक नाही. तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी एआयसीटीईचं एक सूत्र आहे. त्यात सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणतात. या सूत्राने वरच्या विद्यार्थ्याचे ६.५५ म्हणजे ५८ टक्के होतात, ६५.५ नव्हे. पहिलं वर्ष थोडं सावरून ६.८३ झाले असते तर ६०.८ टक्के, म्हणजे साठच्या वर. काही विद्यापीठांची सूत्रं याहून वेगळी आहेत. आपल्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात बघावं आणि तेच वापरावं.

एवढ्याशा फरकाने काय होतं? बी.एड.ला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्के लागतात. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, आणि तिथे ५४.९९ चे ५५ धरत नाहीत.

केटी राहिली तर

एफ ग्रेडला शून्य पॉइंट असतात आणि त्या विषयाचे क्रेडिटही मिळत नाहीत. तो विषय सुटल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. पेपर तपासणीबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि फेरमूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून निकाल लागला की लगेच कॉलेजात चौकशी करावी.

मधेच शिक्षण सुटलं तर

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट लागतात. लग्न, आजारपण किंवा घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं, तर ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण केल्यास सर्टिफिकेट मिळतं. कमावलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जास्तीत जास्त ७ वर्षं जमा राहतात. ठरलेल्या मुदतीत पुन्हा शिकायला येता येतं. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात.

हे लक्षात ठेवा

- प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका जपून ठेवा. क्रेडिट आणि ग्रेड बरोबर चढलेत का, ते त्याच वेळी तपासा.
- टक्केवारीचा दाखला (कन्व्हर्जन सर्टिफिकेट) कॉलेज किंवा विद्यापीठाकडून आधीच काढून ठेवा. ऐन मुदतीत धावपळ होते.
- फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतला तरी टक्केवारीचा रकाना स्वतः वाचूनच सबमिट करा. चुकीच्या माहितीची जबाबदारी उमेदवारावरच येते, सेंटरवाल्यावर नाही.
- घरातलं मूल यंदा पहिल्या वर्षाला असेल तर त्याला आजच सांगा, क्लासची मोजणी पहिल्या सेमिस्टरपासूनच सुरू झाली आहे.