ग्वेर्चिनोची रेखा आणि बार्तोलोत्सीचा पत्रा

इटलीतील चेन्तो या लहानशा नगरीत १५९१ मध्ये जन्मलेला आणि ‘ग्वेर्चिनो’ या टोपणनावाने ख्याती पावलेला जोव्हान्नी फ्रान्चेस्को बार्बिएरी हा चित्रकार देवालयांतील वेदीवरच्या भव्य धर्मचित्रांसाठी विख्यात आहे. परंतु त्या चित्रांच्या पूर्वतयारीत त्याने बोरूने आणि पातळ तपकिरी शाईने जी असंख्य रेखांकने केली, त्यांतच त्याच्या प्रतिभेचे अधिक निकट दर्शन घडते, असे माझे मत आहे. पश्चात्तापदग्ध मॅग्डालीनची मान किंचित वळवून पाहावी, शिशू येशूचा हात कधी मातेच्या खांद्यावर तर कधी तिच्या वस्त्रात गुंतलेला काढून पाहावा, आणि असे प्रयोग झाल्यावर मगच कुंचला हाती धरावा, ही त्याची रीत होती. चित्रातील आकृत्यांच्या संख्येवर मोबदला आकारणारा आणि १६२९ पासूनचा जमाखर्च वहीत राखणारा हा व्यवहारदक्ष पुरुष १६६६ मध्ये बोलोन्या येथे निवर्तला, तेव्हा रेखांकनांचा मोठा संचय घरातच होता. तो जेन्नारी या त्याच्या भाच्यांकडे वारशाने गेला आणि त्या कुळात सुमारे शतकभर राहिला.

अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा ग्रंथपाल रिचर्ड डाल्टन कलावस्तूंच्या खरेदीसाठी इटलीत हिंडत होता. जेन्नारी कुळाकडील रेखांकनांचा फार मोठा भाग त्याने राजासाठी मिळविला, आणि आज तो विंडसरच्या राजसंग्रहात आहे. परंतु डाल्टनची खरी गुणग्राहकता मला दिसते ती त्याने केलेल्या माणसाच्या निवडीत. फ्लॉरेन्समधील एका सोनाराचा मुलगा फ्रान्चेस्को बार्तोलोत्सी हा व्हेनिसमध्ये जोसेफ वागनर याच्या कारखान्यात उत्कीर्णनाची विद्या शिकून तयार झाला होता; ग्वेर्चिनोच्या रेखांकनांवरून अम्लरेखने करण्याचे काम डाल्टनने त्याच्याकडे सोपविले, आणि सालीना ३०० पौंडांच्या नेमणुकीचे आश्वासन देऊन १७६४ मध्ये त्याला लंडनला आणविले. त्याच वर्षी रोममध्ये पिरानेसी याने ग्वेर्चिनोच्या रेखांकनांवरील मुद्राचित्रांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यातही बार्तोलोत्सीचे काम आहे.

हे काम कसे चाले, ते नीट समजून घेतल्यावाचून त्याचे मोल कळत नाही. घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देत, आणि जळत्या मेणबत्तीच्या धुराने तो काळा करीत, म्हणजे सुईने ओढलेली रेघ तांब्याच्या रंगाने उजळून दिसे. मग पत्रा नत्राम्लात बुडवावयाचा; थर उघडला असेल तेथेच अम्ल धातू खाते. जी रेघ नाजूक हवी तिच्यावर लवकर रोगण फासून ती झाकावी, आणि जी गडद हवी तिला पुन्हापुन्हा अम्लात जाऊ द्यावे. उत्कीर्णनाच्या छिन्नीला तांब्याशी झगडावे लागते; सुई मात्र मेणावरून लेखणीसारखीच मोकळी धावते, आणि म्हणून ग्वेर्चिनोच्या वेगवान, वळसेदार, मध्येच ठिपक्यांत विरून जाणाऱ्या रेषेला हीच पद्धत मानवली. अडचण अशी की ठसा नेहमी उलटा उमटतो. मूळ चित्राची दिशा राखावयाची तर शंभर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच्या हाताचा प्रत्येक झोक पत्र्यावर उफराटा आणि तरीही न अडखळता काढावा लागे. मातेच्या गालावरून उतरणारी जी रेषा ग्वेर्चिनोने एका श्वासात काढली असेल, ती पूर्ण सावधपणे, पण सावधपणाचा मागमूस न ठेवता पुन्हा काढणे, ही तपश्चर्या आहे; तिला निव्वळ नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

हा अन्याय त्या काळानेही केला. १७६८ मध्ये लंडनला रॉयल अकॅडमी स्थापन झाली, तेव्हा उत्कीर्णनकारांना पूर्ण सभासदत्व नाकारण्यात आले. बार्तोलोत्सीला संस्थापकांत स्थान मिळाले ते चित्रकार म्हणून. रॉबर्ट स्ट्रेंज या नामांकित उत्कीर्णनकाराला याचा विलक्षण संताप आला, आणि तो संताप मला रास्त वाटतो, कारण बार्तोलोत्सीची कीर्ती ज्या विद्येवर उभी होती तीच दाराबाहेर ठेवून त्याला आत घेण्यात आले होते.

१८०२ मध्ये बार्तोलोत्सी लिस्बनला गेला आणि १८१५ मध्ये तेथेच वारला. ग्वेर्चिनोवरून केलेले त्याचे पत्रे पुढे बॉयडेल या प्रकाशकाकडे आले व त्यांवरून पुन्हा ठसे काढले गेले. तांबे मऊ, दाबयंत्राखालून वारंवार गेल्याने रेषा झिजतात, आणि म्हणून उशिराच्या प्रतींत छाया फिकट व पोकळ दिसतात, तर आरंभीच्या प्रतींत शाई कागदावर बोटाला जाणवण्याइतकी उठून असते. मूळ रेखांकनांनाही वेगळी झीज लागलीच आहे: मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली ग्वेर्चिनोची शाई आम्लधर्मी होती, आणि जेथे त्याने ती सढळ हाताने वापरली तेथे काही रेखांकनांचा कागद तिनेच खाल्ला आहे. अशा रेखांकनाचे अम्लरेखन झालेले असेल, तर अभ्यासकाने ते शेजारी ठेवून पाहावे. कागद विरण्यापूर्वी त्या जागी रेघ कोणत्या बाजूस वळली होती, हे पुष्कळदा त्यावरून सांगता येते.