गाडीत काही दोष नाही

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी खंबाटकीच्या घाटात बंद पडली. गाडी घाटात बंद पडली यात नवल ते काय? आमच्या पिढीने गाड्या चालवल्या कमी आणि ढकलल्या जास्त. पण पूर्वीची गाडी निदान सांगून-सवरून बंद पडायची. आधी ठसका लागायचा, मग आचके यायचे, मग बॉनेटमधून वाफ निघायची. ही नवी गाडी मात्र एक अक्षर न बोलता थांबली. समोरच्या पडद्यावर सगळे दिवे एकदम लागले आणि मग पडदा काळाठिक्कर पडला. मागचे ट्रकवाले हॉर्नच्या भाषेत माझ्या पूर्वजांची चौकशी करू लागले. शेजारी बसलेल्या हिने डोळे घट्ट मिटून रामरक्षा सुरू केली. मी किल्ली बंद केली (किल्ली कसली, बटणच ते), मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा बटण दाबलं. गाडी सुरू! जणू काही झालंच नव्हतं.

साताऱ्याची मुंज उरकून आल्यावर गाडी वर्कशॉपात नेली. टाय लावलेल्या एका मुलाने तिला वायर जोडली, लॅपटॉपवर बघितलं आणि म्हणाला, "काका, गाडीत काही दोष नाही. सिस्टिममध्ये एकही कोड नाही." नंतर अत्यंत आदराने त्याने विचारलं, "काका, आपलं वय काय?"

घरी चिरंजीवांनी तोच निकाल कायम केला. "बाबा, चुकून तुमचाच हात बटणावर पडला असेल." मी साक्षीदार म्हणून हिला पुढे केलं. पण रामरक्षा चालू असताना डोळे मिटलेले असल्यामुळे ती साक्ष बाद झाली. शिक्षा अशी झाली की, पुण्याबाहेर मी गाडी न्यायची नाही.

मला त्या वेळी आमच्या जुन्या गाडीचे मिस्त्री आठवले. ते कार्ब्युरेटर उघडायचे, जेटमध्ये फुंकर मारायचे आणि निघालेला कणभर कचरा माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "हे बघा साहेब." दोष हा असा हातात यायचा. मी तो कागदात गुंडाळून घरी आणून हिला दाखवलेला आहे. आता हा कॉम्प्युटरचा दोष! बटण बंद करून चालू केलं की तो नाहीसा होतो, आणि मागे उरतो फक्त चालवणारा. मग हा प्राणी गाडीत शिरला कधी, याचा शोध घ्यायला मी बसलो. रिटायर्ड माणसाला वेळ असतोच.

तो शिरला पाहुण्यासारखा, दबकत. 1977 साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल टोरोनाडो नावाच्या गाडीत एक मायक्रोप्रोसेसर बसवला. त्याला काम एकच, ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे ठरवायचं. वाड्यातल्या पाणक्यासारखा तो. आपली घागर भरायची, इतर भानगडींत पडायचं नाही. 1981 सालापर्यंत जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोलवरच्या मोटारींत सरसकट कॉम्प्युटर बसवला, आणि त्याच वर्षी कॅडिलॅकला एक मोठी कल्पना सुचली. इंजिनाला सिलिंडर आठ. चढ नसेल, घाई नसेल, तर कॉम्प्युटर त्यातले दोन किंवा चार झोपवणार आणि पेट्रोल वाचवणार. कल्पना उत्तमच होती. आज कितीतरी गाड्या हेच करतात. पण तेव्हाचा कॉम्प्युटर विचार करण्यात जरा मंद. चार की सहा, सहा की आठ, हे ठरेपर्यंत गाडी हिसके खायची. कॅडिलॅकवाले श्रीमंत लोक, त्यांना हिसक्यांची सवय नाही. त्यांनी मेकॅनिककडून त्याची वायरच तोडून घेतली आणि आठही सिलिंडर कायमचे कामाला लावले. बहुतेक मॉडेलांतून ते इंजिन वर्षभरातच गेलं. वायर तोडायची सोय तेव्हा होती, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

पुढे इंजिनाला एक, ब्रेकला एक, गिअरला एक असं करत कॉम्प्युटरांचं एकत्र कुटुंबच गाडीत नांदू लागलं. त्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून बॉश कंपनीने 1986 साली कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली. कुटुंब म्हटलं की आधी कुणाचं ऐकायचं हा प्रश्न आलाच. तो सोडवायला 1993 साली जर्मन कंपन्या एकत्र आल्या आणि त्यातून ओसेक हे गाडीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं मानक निघालं. घरचा कॉम्प्युटर दहा कामं दिली की चक्र फिरवत बसतो. ब्रेकला ते परवडत नाही. म्हणून इथे सगळी कामं कारखान्यातच ठरलेली. कोणी कोणाच्या आधी, हेही ठरलेलं. आयत्या वेळी नवा पाहुणा घ्यायचा नाही. आमच्या आजीचं स्वयंपाकघर याच तत्त्वावर चालायचं. आणि खरं सांगायचं तर ही पद्धत चालते, फार छान चालते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर चाकं घसरत नाहीत ते अशाच एखाद्या मुक्या कॉम्प्युटरामुळे. त्याचे आभार कोणी मानत नाही.

गडबड झाली ती गाडीत रेडिओ, नकाशा, टेलिफोन आणि पडदा आल्यावर. मे 2003 मध्ये थायलंडचे अर्थमंत्री सुचार्त जाओविसिधा बँकॉकमध्ये आपल्या बीएमडब्ल्यूत अडकले. कॉम्प्युटर बिघडला म्हणे. इंजिन बंद, दारं बंद, काचा बंद, एअरकंडिशनर बंद. शेवटी पहारेकऱ्याने हातोड्याने काच फोडली तेव्हा मंत्रिमहोदय बाहेर आले. आता बघा, त्यांना कोणी वय विचारलं नाही!

2022 सालच्या जानेवारीत तर अमेरिकेत सिएटलजवळ मौजच झाली. एका रेडिओ केंद्राने कार्यक्रमाबरोबर काही चित्रं पाठवली. त्या फायलींच्या नावाला शेपूट नव्हतं, म्हणजे चित्र कोणत्या जातीचं ते सांगणारी शेवटची अक्षरं. 2014 ते 2017 सालच्या काही माझदा गाड्यांचा पडदा हे बघून असा गोंधळला की पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागला आणि रेडिओ त्याच केंद्राला चिकटला, तो सुटेचना. नवा भाग टाकायचा म्हणजे सुमारे 1,500 डॉलर. पण तक्रारी एकाच गावातून, एकदम आल्या, म्हणून लोकांवर विश्वास बसला. एकट्यादुकट्याला वर्कशॉपवाल्याने विचारलं असतं, "काका, हेच स्टेशन तुम्हाला आवडतं का?"

एकट्यादुकट्यांचं काय होतं हे मात्र हसण्यासारखं नाही. 2007 साली ओक्लाहोमात एक वयस्क बाई 2005 सालची टोयोटा कॅमरी चालवत होत्या. मोठ्या रस्त्यावरून उतरताना गाडी थांबेना. त्यांनी हँडब्रेक ओढला. चाक घासल्याची लांबलचक खूण रस्त्यावर सापडली. गाडी तरीही आदळली आणि शेजारी बसलेली त्यांची मैत्रीण गेली. अशा तक्रारी वाढल्या तेव्हा अमेरिकन सरकारने 'नासा'ला तपासणीला बसवलं. 2011 साली नासाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक्सचा दोष सापडला नाही, मात्र सापडला नाही म्हणजे असूच शकत नाही, असंही नाही. पायाखालची सतरंजी आणि अडकणारं पेडल ही कारणं तर खरीच होती. ती दडवल्याबद्दल टोयोटाने 2014 साली 1.2 अब्ज डॉलर भरले.

पण 2013 सालच्या त्या ओक्लाहोमाच्या खटल्यात मायकेल बार नावाचा एक तज्ज्ञ उभा राहिला. कडेकोट बंदोबस्ताच्या खोलीत बसून त्याने गाडीचा प्रोग्राम कित्येक महिने वाचला होता. तो म्हणाला, मेमरीतला एक कण उलटला की एक महत्त्वाचं काम मध्येच मरू शकतं आणि इंजिनाला हवा देणारी झडप उघडीच राहू शकते. अशा वेळी धावून येण्यासाठी प्रत्येक गाडीत एक 'वॉचडॉग' असतो. राखणीचा कुत्राच तो. त्याला वेळेवर भाकरी मिळाली नाही तर मालकाचं काही बरंवाईट झालं असं समजून तो सगळी सिस्टिम पुन्हा सुरू करतो. पण इथे भाकरी घालायचं काम दिलं होतं घड्याळाच्या टिकटिकीला! मालक आत बेशुद्ध पडलेला, घड्याळ नेमाने भाकरी टाकतंय आणि कुत्रा आनंदाने शेपूट हलवतोय. कंपनीने हे मान्य केलं नाही. ज्यूरीने मात्र त्या बाईंचं म्हणणं ग्राह्य धरून 30 लाख डॉलरची भरपाई ठरवली, आणि जादा दंड ठरायच्या आधीच कंपनीने तडजोड केली.

मी हे सगळं जेवताना चिरंजीवांना ऐकवलं. हँडब्रेकच्या खुणेपाशी ते जेवायचे थांबले. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही वर्कशॉपला हे बोलला नाहीत ना?"

शिक्षा रद्द झालेली नाही, पण पुढच्या महिन्यात पुन्हा साताऱ्याला लग्न आहे आणि त्याच दिवशी चिरंजीवांची मीटिंग आहे. तेव्हा मीच चालवणार. हिने तयारी सुरू केली आहे. रामरक्षा डोळे उघडे ठेवून म्हणायची सवय करते आहे, आणि पडदा काळा पडलाच तर तेवढ्यात फोटो कसा काढायचा ते नातवाकडून शिकून घेते आहे.